वाफ दिलीस?

"सर, इंजिन खरंच बंद पडलं, तर तुम्ही सगळ्यात आधी कुणाचं नाव घ्याल?"

प्रश्न माझा नव्हता. तो ढापणीच्या डोक्यातून निघाला होता आणि चवळीने त्याला धार लावली होती. शाळेच्या मागच्या जिन्यावर आम्ही तिघी डबे उघडून बसलो होतो. "तुझे ते उडवणारे सर एकटेच असणार गं," ढापणी म्हणाली, "चेहऱ्यावरूनच कळतं." "चेहऱ्यावर काय पाटी लावलीय? हीच विचारेल की," चवळी म्हणाली, "नाहीतरी हल्ली हिच्या तोंडाला कुलूप कुठे असतं? पण जमिनीवर नाही हं. वर असताना विचारायचं. नाही विचारलंस तर महिनाभर आमची दप्तरं तिसऱ्या मजल्यापर्यंत तू वाहायची." मी हो म्हणाले. वर्षभरापूर्वीही मी हो म्हणालेच असते, पण वेगळं. तेव्हा माझं हो म्हणजे सुटका असायची. बाईंनी 'समजलं का' विचारलं की हो, आईने 'जेवलीस का' विचारलं की हो, मावशीने 'आवडला ना गं रंग' विचारलं की हो. हो म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, माणसं आपल्यावरची नजर उचलून दुसरीकडे ठेवतात, हे मला बालवाडीतच कळलं होतं. मग मी विमान उडवायला शिकायला लागले आणि माझं हो मोठं झालं. रेडिओवर पुटपुटून चालत नाही. तिथे आवाज छातीतून काढावा लागतो, आणि एकदा छातीतून निघायला लागला की तो परत आत जायला तयार नसतो. आता मी वर्गात हात वर करते, दुकानदाराशी वाद घालते, आरशाशीसुद्धा बोलते. आई म्हणते, "ही आमचीच ना? दवाखान्यात अदलाबदल तर नाही झाली?" आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तिच्या तोंडी हा विनोद जरा जास्तच शोभतो.

आणि आज, तो प्रश्न विचारल्याच्या चौथ्या दिवशी, शाळेतून येताना आमच्या इमारतीची लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये गचकन थांबली, दिवा गेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "पासष्ट!" आई गं नाही, देवा नाही. पासष्ट. मला माझंच हसू आलं आणि हनुवटीचे तीन टाके ताणले गेले, तसं ते हसू अर्ध्यावरच थांबलं. छताच्या जाळीतून राखाडी उजेडाची एक पट्टी खाली येत होती. मी घंटेचं बटण दाबलं. लांब कुठेतरी ती वाजली, माझी नसल्यासारखी. आमची लिफ्ट अशी की दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की भरली. तेलाचा वास, गरम धुळीचा वास, आणि सकाळी कुणीतरी अंगभर फवारलेलं अत्तर. मला एकदम विमानाच्या त्या दुसऱ्या खोक्यात असल्यासारखं वाटायला लागलं. तिथेही खांद्याला खांदा, तिथेही तेल, आणि तिथेही आवाज बंद झाल्यावर कळलं होतं की इतका वेळ आपण त्या आवाजावर बसलो होतो.

घाबरायचं कारण नव्हतं. माझे बाबा लिफ्टवाले आहेत. शहरातल्या चाळीसएक लिफ्ट त्यांच्या हाताखालून जातात, आणि लहानपणी मला झोपवताना ते गोष्टी सांगायचे त्या ब्रेकच्या. दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही, बाजूचे जबडे रुळांना चावतात, असं ते सांगायचे आणि माझ्या मनगटाला बोटांनी चिमटा काढून दाखवायचे. मी उडायला जाते म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं होतं, "त्याला दोर कुठे असतो?" नसतो, बाबा. "मग जबडे कशाला चावतात?" कशालाच नाही, बाबा, हवेवर बसतं ते. रविवारी ते मला मैदानावर सोडायला यायचे, पण विमान जमीन सोडताना पाठ करून उभे राहायचे, कुंपणाच्या तारेचे पीळ बोटांनी मोजत. गेल्या चार दिवसांत मात्र ते सारखे बोलतायत. आत्ता माझ्या दप्तरात जो कागद आहे तो त्यांच्याच बोलण्याचा आहे, टाइप केलेला. मथळा: विद्यार्थिनीचा जबाब. शेवटून दुसरी ओळ: 'सरांनी विचारलेली प्रत्येक कृती मी पूर्ण केली होती.' खाली रेघ, सहीसाठी. उद्या सकाळी दहा वाजता चौकशी आहे. त्याच्यासोबत बाबांचं स्वतःचं पत्र जाणार आहे, की असा माणूस मुलांना शिकवायला ठेवू नये. "तो स्वतःच लिहून देतोय ना की चूक त्याची," बाबा काल म्हणाले. "मग आपण कशाला कचरायचं? सही कर आणि मोकळी हो." मी म्हणाले, शाळेत करते, छान पेनाने. ते छान पेन दिवसभर माझ्या खिशात होतं.

आमचं विमान म्हणजे दोन खुर्च्या, एक पंखा आणि भरपूर थरथर. डावीकडे मी, उजवीकडे सर. सरांना आम्ही पोरं मोजणीदार म्हणतो, कारण ते वर गेल्यावर ढग बघत नाहीत, सूर्य बघत नाहीत, नुसती शेतं मोजतात. किती लांब, उतार कुठे, तारा कुठे. बोलता बोलता हात पुढे करतात, इंजिनाचा दांडा मागे ओढतात, आवाज धपकन खाली बसतो आणि ते म्हणतात, "बंद पडलं. शेत कुठलं?" खरं बंद पडलेलं नसतं. नाटकातल्या प्रेतासारखं हळू श्वास घेत असतं. मग विद्यार्थ्याने चार गोष्टी करायच्या, त्याच क्रमाने. आधी नाक: ते असं धरायचं की वेग पासष्टवर राहील. त्याहून फार कमी झाला तर पंख हवा सोडतात, आणि मग पंख असूनही आपण दगड असतो. मग शेत: कुठे उतरायचं. मग कारण: का बंद पडलं. बोलणं सगळ्यात शेवटी. "तुझा क्रम उलटा आहे," सर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले होते. "तू आधी बोलतेस." असं तरंगत पाचशे फुटांपर्यंत खाली यायचं, पिकाच्या ओळी वेगळ्या दिसायला लागल्या की सर म्हणतात, "पुरे. वर चल," आणि आपण दांडा पुढे ढकलायचा. प्रेत उठतं, आपण वर. या सगळ्यात एक बारकं काम असतं. मंद केलेल्या इंजिनाला दमट हवेत पडसं होतं. खरंच होतं. त्याच्या घशात बर्फ धरतो आणि गरज पडते तेव्हा त्याला मोठा श्वास घेता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक मूठ ओढून त्याला गरम हवा द्यायची. आम्ही त्याला वाफ देणं म्हणतो, आणि आमचं ऐकून ऐकून सरही म्हणायला लागले होते. "वाफ दिलीस?" "हो, दिली." साठ-सत्तर वेळा तरी हे आमच्यात झालं असेल. इतक्या वेळा की ते विचारणं राहिलं नव्हतं, पायरी उतरताना पाय आपोआप खाली टेकतो तसं ते झालं होतं.

"कोण आहे आत?" वरून आवाज आला. बाबांचा. आज लवकर घरी आले असणार, पत्रासाठी.

"मी!"

"तू? एकटीच?"

"नाही, वऱ्हाड घेऊन आलेय."

"जीभ शाबूत आहे म्हणजे पोरगी शाबूत आहे," हा आईचा आवाज, पण त्यात नेहमीची ऐट नव्हती. चार दिवसांत आईचे सगळे विनोद धुऊन आटल्यासारखे झालेत. शिवलेली हनुवटी बघताना परवा तिने एकदाही माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. फक्त टाक्यांकडे पाहिलं, नळीत रक्त किती आलं ते बघतात तसं.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "चौकीदाराकडून किल्ली आणतो वरच्या खोलीची. पाच मिनिटं. कशाला हात लावू नकोस."

पाच मिनिटं. त्या दिवशी पाचशे फुटांवरून खाली यायला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आणि तरी मी चार दिवस अजून त्यातच आहे. वर्गात फळ्याकडे बघताना खालून हिरवं शेत वर येतं, आंघोळीचं पाणी थांबलं की त्या नळाच्या शांततेत पंखा थांबतो. मला आठवतो तो पंखा. मोठ्या वेगाने फिरताना पंखा दिसत नाही, नुसती चकाकी दिसते. तो थांबला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला, एक काळं, सरळ, मूर्ख लाकूड, आमच्या नाकासमोर उभं. पण त्याच्या आधी प्रश्न होता. अडीच हजार फुटांवर होतो. मी मनात तीनदा घोकला होता तो, आणि सरांनी दांडा मागे ओढला नेमका तेव्हाच मी तोंड उघडलं, कारण एकदम शांत झालं होतं आणि शांततेत प्रश्न छान ऐकू जातो. "सर, इंजिन खरंच बंद पडलं, तर तुम्ही सगळ्यात आधी कुणाचं नाव घ्याल?" विचारून झाल्यावर मला इतका आनंद झाला! दप्तरं वाचली म्हणून नाही. मी विचारू शकले म्हणून. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान फिरवली आणि उजव्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. माझा डावा हात सुकाणूवर होता. उजवा, ज्याने मूठ ओढायची, तो मांडीवर ताल धरत होता. "शेत?" ते काचेकडे तोंड करूनच म्हणाले. "ते हिरवं, लांबट." "तारा?" "नाहीत." "वाफ दिलीस?"

"हो, दिली."

छातीतून काढलेला, ठणठणीत, नवाकोरा आवाज. मी स्वतःशी खूप वाद घातलाय या चार दिवसांत, की ते खोटं होतं का. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं ना? मला त्या क्षणी काहीच माहीत नव्हतं, मी हाताकडे पाहिलंच नव्हतं. पण मग माझ्याच आतली कुणीतरी, जुनी, पुटपुटणारी, म्हणते: न बघता म्हटलेलं हो म्हणजे आणखी काय असतं? आवाज मोठा केलास तू नुसता. बाकी आहे तीच आहेस.

"पुरे. वर चल." मी दांडा पुढे ढकलला. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा अर्धवट खोकलं, आणि मग ते लाकूड. सरांचा डावा हात माझ्या गुडघ्यापुढून गेला आणि त्याने ती मूठ ओढली. ती पूर्ण आत होती. पूर्ण. माझ्या डोळ्यांदेखत ती बाहेर आली, एका बोटाएवढी, आणि सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. बस्, तेवढंच. तेवढ्यात त्यांना कळलं. "माझ्याकडे," ते म्हणाले, म्हणजे विमान आता त्यांच्या हातात, आणि मी म्हणाले, "तुमच्याकडे," कारण तसं म्हणायचंच असतं. मग ते बोलायला लागले, हळू, एखाद्याची समजूत घालावी तसं: "पासष्ट. पासष्ट. पासष्ट." शेतात तारा होत्या. दोन. वरून दिसत नाहीत, खांबांच्या सावल्या दिसतात, आणि त्या मी पाहिल्याच नव्हत्या, कारण शेत खोटं होतं ना, आपण तिथे कुठे उतरणार होतो! त्यांनी विमान तिरकं केलं, तारा माझ्या खिडकीवरून गेल्या, इतक्या जवळून की त्यांतल्या एकीवर बसलेली एक चिमणी मला दिसली आणि ती उडाली नाही. "पेट्रोल बंद." केलं. "चावी बंद." केली. "दार उघड. जमिनीवर आपटलं की दारं बसतात. आत्ताच उघड." उघडलं. हे सगळं मी खरंच केलं, हातांनी, डोळ्यांनी बघून. मग भुसभुशीत मातीने पुढचं चाक खाल्लं, माझी हनुवटी पुढे गेली, आणि नंतर फक्त गरम धातूचं टिक् टिक् आणि चिरडलेल्या ओल्या पाल्याचा वास.

सरांनी मला बाहेर काढलं, पन्नास पावलं चालवत नेलं आणि बांधावर बसवलं. ट्रॅक्टरवरून एक बाई आली. उतरली, विमानाला एक फेरी मारली, कमरेवर हात ठेवले. "तुम्ही रोज इथपर्यंत येता आणि परत वर जाता," ती म्हणाली. "आज का नाही गेलात?" मला इतकं हसू फुटलं की रक्त फ्रॉकवर उडालं. सरही हसले. हसता हसता ते खाली बसले. "तू विचारलं होतंस," ते म्हणाले. "मुलगी आहे मला. सात वर्षांची. पण वर असताना आकड्याचं नाव घ्यायचं. माणसांची नावं उतरल्यावर." मग त्यांनी ते नाव घेतलं, ओठातल्या ओठात, माझ्यासाठी नव्हे. ते मी कुणाला सांगणार नाही. ढापणीला नाही, चवळीला तर मुळीच नाही. त्यानंतर ते मुठीबद्दल बोलतील म्हणून मी थांबले. सगळा वेळ थांबले. गाडी आली, टाके पडले, आई-बाबा आले. सर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा अहवाल आला त्यात दोनच ओळी होत्या: 'इंजिनाला गरम हवा दिली गेली नाही. खात्री करून घेणं माझं काम होतं.' त्यांनी मला विचारलं होतं, हे त्यात नाही. मी काय म्हणाले, हे त्यात नाही. चौकशी होईपर्यंत त्यांना उडायची बंदी आहे. आणि मैदानावरच्या फळ्यावर, एकट्याने पहिलं उड्डाण करणाऱ्यांच्या यादीत, पुढच्या रविवारसमोर माझं नाव अजून खडूने लिहिलेलं आहे. मी जाऊन पाहून आले.

"ऐक!" बाबा परत आले होते, धापा टाकत. "मी आता वरच्या खोलीत जाणार आणि चाक हाताने फिरवून लिफ्ट वर घेणार. आई इथे दाराशी आहे. आतलं सरकतं दार पूर्ण बंद आहे ना?"

"हो!"

निघून गेलं तोंडातून. तोच आवाज, तोच ठणठणीतपणा. बाबांची पावलं जिना चढायला लागली. एक, दोन, तीन. आणि मग मी दाराकडे वाकून पाहिलं. करंगळीएवढी फट होती. त्या फटीतून माझ्या दप्तराचा लांब पट्टा बाहेर गेला होता, खाली, दोन भिंतींमधल्या अंधारात, कशाला तरी घट्ट अडकून ताठ झाला होता. त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला होतं, तीन वेढे. मला सवय आहे, चालता चालता दप्तराचा पट्टा काढून मनगटाला गुंडाळायची. लिफ्ट वर गेली असती तर पट्टा तिथेच राहिला असता. आणि मनगट लिफ्टबरोबर.

"बाबा! थांबा! नाही! बंद नाहीये! फट आहे, आणि पट्टा अडकलाय, आणि तो माझ्या हाताला आहे!"

पावलं थांबली. मग बाबा खाली आले, आणि दाराच्या फळीला तोंड लावून, मी कधीही ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "आधी हो कशी म्हणालीस?"

"न बघता."

"आतलं मला दिसत नाही गं," बाबा म्हणाले. "तीस वर्षं हे काम करतोय. आतलं माणूस जे सांगेल त्यावर मी चाक फिरवतो. ते चुकलं तर माझा हात चुकतो." त्यांनी फळीवर तळवा ठेवला असावा. मला तो घासल्याचा आवाज आला. "सोड आता. एकेक वेढा. सुटला की सांग. बघून सांग."

मी एकेक वेढा सोडला. मनगटावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, बाबा लहानपणी चिमटा काढायचे अगदी तिथेच. पट्टा अंधारात सुळकन गेला. मी दार ओढलं, फटीत बोट घालून पाहिलं, परत ओढलं, उजेडाच्या पट्टीत आपले दोन्ही हात धरून पाहिले. "सुटला. दार बंद. बघितलं. दोनदा." बाबांची पावलं परत जिना चढून गेली, आई बाहेरून वर ओरडली, "फिरवा!" आणि लिफ्ट मुंगीच्या पावलांनी वर सरकायला लागली. मी दप्तरातून तो कागद काढला. अंधारात अक्षरं दिसत नव्हती, पण शेवटून दुसरी ओळ कुठे आहे ते माझ्या बोटांना ठाऊक होतं. नाक सावरून झालं होतं. शेत सापडलं होतं, कारणही सापडलं होतं, खरं तर पहिल्या दिवसापासून ते माझ्याजवळच होतं. राहिलं होतं ते एकच, आणि ते शेवटीच करायचं असतं.

लिफ्ट थांबली. आठव्या मजल्याची जमीन माझ्या कमरेशी आली होती. बाबा खाली उतरून आले, किल्लीने बाहेरचं दार उघडलं, आतलं मी सरकवलं. डोळे दिपले. समोर आईच्या घरातल्या चपला, एक निळी आणि एक काळी, घाईत घातलेल्या. बाबा उकिडवे बसले, हात पुढे केला. हाताला काळं तेल होतं.

"ये. पाय त्या पट्टीवर दे."

"आधी मला बोलायचंय."

"वर येऊन बोल ना, बाई," आई म्हणाली.

"नाही. वर आले की तू विचारशील जेवलीस का, आणि मी हो म्हणेन."

पहिल्यांदाच, चार दिवसांत, आईने टाके सोडून माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी कागद त्या दोघांच्या पायांपुढे जमिनीवर ठेवला.

"मी यावर सही करणार नाही," मी म्हणाले. आवाज मोठा नव्हता. मोठा करायची गरजच वाटली नाही. "सरांनी मला विचारलं होतं, वाफ दिलीस का. मी हो म्हणाले. दिली नव्हती. त्यांना ते माहीत आहे, आणि त्यांनी ते लिहिलेलं नाही. उद्या दहा वाजता मी ते माझ्या अक्षरात लिहून देणार आहे. फळ्यावरचं माझं नाव पुसतील, मला माहीत आहे. बाबा, येणार असाल तर तुमचं पत्र घरी ठेवून या, नाहीतर मी बसने जाते. आणि लिहून दिल्यावर मी सरांना विचारणार आहे, मला पहिल्या दिवसापासून परत शिकवाल का. ते नाही म्हणाले तरी चालेल. पण विचारणार. हा प्रश्न माझा आहे."